निळा डबा, चोवीस सुया: साक्षरता वर्गात लिहिलेला एक आजारपणाचा इतिहास

पुण्यात हडपसरच्या बाजूला, एका वस्तीतल्या समाजमंदिरात संध्याकाळी बायकांचा साक्षरतेचा वर्ग भरतो. येणाऱ्या बहुतेक जणी लातूर, धाराशिव, सोलापूरकडच्या. वय चाळिशीपासून पासष्टीपर्यंत. कुणी चार घरी पोळ्या करते, कुणी धुणीभांडी, कुणी मंडईत भाजी निवडायला जाते. ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमाची १५० गुणांची परीक्षा (वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५०) यांतल्या बऱ्याच जणी पास झाल्या होत्या. बसवरची पाटी वाचता येऊ लागली, बँकेत अंगठ्याच्या जागी सही होऊ लागली. पण पाच-सात ओळी सलग, आपल्या मनाने लिहायची वेळ कुणावरच येत नव्हती. हात चालू राहिला नाही तर शिकलेलं वर्षभरात मोडतं, हे प्रौढांना शिकवणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं.

काय लिहायचं, हे त्यांनीच सांगितलं. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, “आधी काही आजार? ऑपरेशन? गोळ्या कुठल्या चालू आहेत?” आणि नेमकं तेव्हाच काही सुचत नाही. मागे रांग असते, डॉक्टर मान खाली घालून केसपेपर लिहीत असतात. तोंडातून निघतं, “काही नाही.” सगळं आठवतं ते घरी आल्यावर.

हे प्रकरण त्या वर्गातल्या एकीचं आहे. वर्गात सगळ्या त्यांना आक्का म्हणतात, इथेही तेच नाव ठेवते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हा मजकूर आक्कांनी स्वतः वाचला, दोन ठिकाणी खोडला आणि मग “आता चालंल” म्हणाल्या.

सुरुवात आम्ही छापील कार्डापासून केली. आरोग्य शिबिरांत वाटतात तसलं, चौकटी-चौकटींचं. आक्कांनी ते पाच मिनिटांत भरून दिलं. शुगर: आहे. बीपी: नाही. ऑपरेशन: नाही. मोठा आजार: नाही. अ‍ॅलर्जी: नाही. अक्षर नीट, रेघेवर. परीक्षेत पूर्ण गुण मिळावेत असं कार्ड. त्यानंतर चहा पिताना याच आक्का शेजारच्या बाईला सांगत होत्या, “मला मेलीला चोवीस सुया टोचल्या. एकीकडं दुखायचं म्हणून दुसरीकडं, मग तिकडंबी दुखायचं. बसता यायचं न्हाई.”

चोवीस सुया कुणी उगाच टोचत नाही. पण कार्डावर त्यांना जागाच नव्हती. कार्ड डॉक्टरांच्या कप्प्यांप्रमाणे विचारतं. बाई आपलं आजारपण सुगीवरून, लेकरांच्या इयत्तांवरून, गाव सोडल्याच्या सालावरून आठवते. शिवाय बरा झालेला आजार हा तिच्या लेखी आजार उरत नाही. “मोठा आजार आहे का?” याला “नाही” हे आक्कांचं उत्तर त्यांच्या हिशेबाने खरंच होतं.

म्हणून कार्ड बाजूला ठेवलं आणि दुरेघी वह्या काढल्या. वही उघडली की डावं पान आयुष्याचं, उजवं पान अंगाचं. आधी फक्त डावं पान लिहायचं: लग्न, पहिलं बाळंतपण, गाव सोडलं, सासू गेली, घर बांधलं. त्यातच सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टी घालायच्या. किल्लारीचा भूकंप, गणपती दूध प्यायला तो दिवस, नोटाबंदी, पहिला लॉकडाउन. ही युक्ती काही आमची नव्हे. आरोग्य सर्वेक्षण करणारे मुलांची वयं काढायला अशीच स्थानिक घटनांची यादी बरोबर ठेवतात. आम्ही तिचा उपयोग लिहिण्यासाठी केला, इतकंच. डावं पान भरेपर्यंत उजव्या पानाला हात लावायचा नाही, हा नियम मात्र कडक पाळला. डाव्या पानावर लेकाची शाळा, सासूचं जाणं लिहिता लिहिता उजव्या पानाचा मजकूर आपोआप ओठांवर येतो.

सालं काढण्यात आक्कांना फार रस आला. धाकट्याचा जन्म कधीचा हे त्यांना माहीत नव्हतं, पण किल्लारीच्या वेळी तो पोटात होता हे पक्कं. भूकंप ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गावोगाव गणपती बोळवून माणसं नुकती झोपली होती. धाकटा त्यानंतरच्या माघातला, म्हणजे १९९४. पहिलीत गेला तो २०००च्या जूनमध्ये. दहावीचं वर्ष २००९-१०. ही बेरीज आक्कांनी वहीच्या मागच्या पानावर बोटं मोजत केली आणि तिथे प्रत्येक इयत्तेसमोर साल लिहून टाकलं. संख्याज्ञानाच्या पुस्तकातल्या बेरजांना त्यांनी कधी इतका वेळ दिला नव्हता.

मग उजवं पान सुरू झालं. त्यातल्या काही ओळी जशाच्या तशा देते.

धाकटा पयलीत. – खोकला. लई दिस. गावातल्या डाक्टरच्या गोळ्या दोन महीने. बरं वाटलं. सोडल्या.

धाकटा दाहावीत. पुण्यात. – परत खोकला. रगत पडलं. सरकारी दवाखाना. नीळा डबा. सुया २४. एक दिसाआड.

त्याच साली. – कानात घुंई आवाज. आंधारात तोल जातो.

नोटाबंदी. – बँकेच्या लाईनीत चक्कर. शुगर निघाली.

या पानावरचं शुद्धलेखन आम्ही दुरुस्त केलं नाही. ‘नीळा’ दीर्घ लिहिला म्हणून डबा बदलत नाही. जिथे चुकीने अर्थ फिरतो तिथेच थांबायचं ठरलं होतं. गोळीचं नाव, गोळीची ताकद, साल, डावा की उजवा, एवढंच तपासायचं. प्रौढ माणसाच्या पहिल्या सलग लेखनावर लाल शाई फिरली की दुसरं पान येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्यावर मी वाद घालायला तयार असते.

शनिवारी आमच्याकडे एक निवृत्त परिचारिका येतात. सगळ्या त्यांना सिस्टर म्हणतात. त्यांनी ते पान वाचलं आणि एकच प्रश्न विचारला.

“आक्का, डबा नक्की निळा? लाल नव्हता?”

“निळाच ओ सिस्टर. त्याच्यावर माजं नाव लिवलेलं हुतं. मला तवा वाचता येत न्हवतं, पर तिथल्या बाई बोट ठिवून दावायच्या, हे बघा तुमचं.”

प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे बरंच काही आहे. त्या काळात सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमात प्रत्येक रुग्णाच्या नावाचा औषधांचा डबा दवाखान्यात ठेवलेला असे. पहिल्यांदाच टीबी झालेल्याला लाल डबा. आधी उपचार घेऊन पुन्हा आजारी पडलेल्याला किंवा मध्येच सोडून परत आलेल्याला निळा डबा. निळ्या डब्याचा कोर्स आठ महिन्यांचा, आणि पहिले दोन महिने आठवड्यातून तीनदा स्ट्रेप्टोमायसिनची सुई. आठ आठवडे, तीन-तीन सुया: चोवीस. आक्कांनी आकडा अचूक सांगितला होता. पुढे ही पद्धत बदलली. २०१७ पासून देशभर रोजच्या गोळ्या सुरू झाल्या, निळा डबा गेला आणि पुढे तो कोर्सही बंद झाला. आजच्या तरुण डॉक्टरांपैकी अनेकांनी तो डबा पाहिलेलाही नसेल.

म्हणजे ‘निळा डबा’ या दोन शब्दांत २०००च्या त्या लांबलेल्या खोकल्याचाही खुलासा होता. तो टीबीच असावा, आणि दोन महिन्यांत बरं वाटल्यावर गोळ्या सुटल्या. तिसरी ओळ त्याहून मोलाची. स्ट्रेप्टोमायसिन आणि त्या घराण्यातली जेंटामायसिन, अमिकासिन ही औषधं आतल्या कानाला इजा करू शकतात. ऐकू कमी येतं, कानात आवाज येत राहतो, आणि तोल सांभाळणारा भाग दुखावला तर उजेडात डोळ्यांच्या आधारावर माणूस नीट चालतं, दिवे गेले की भेलकांडतं. आक्का इतकी वर्षं याला अशक्तपणा समजत होत्या. लाइट गेली की जागच्या जागी बसून राहायच्या. सुया आणि कानातला आवाज या दोन गोष्टी त्यांनी कधी एका दमात कुणाला सांगितल्या नव्हत्या. वहीत ‘त्याच साली’ असं लिहिल्यावर त्या पहिल्यांदा शेजारी आल्या.

सिस्टरांनी निदान केलं नाही, आणि ते योग्यच झालं. “हे पान डॉक्टरांना दाखवायचं,” एवढंच म्हणाल्या. वर्गात कुणीही कुणाला अमुक आजार असावा असं सांगायचं नाही, गोळी बंद कर किंवा सुरू कर असं तर मुळीच सांगायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवलेलं आहे. त्याची गरज दुसऱ्या एका बाईंच्या वेळी फार जाणवली होती. त्यांच्या पिशवीत दोन डॉक्टरांनी दिलेली दोन निरनिराळ्या कंपन्यांची पाकिटं होती आणि दोन्हींत शुगरचं एकच औषध, मेटफॉर्मिन, निघालं. मोह होतो सांगायचा. पण तो निर्णय डॉक्टरांचा. आपण दोन्ही नावं एकाखाली एक लिहून द्यायची आणि त्याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे पाठवायचं.

एवढं सगळं कळल्यावर आता पान नीट उतरवून काढायचं, असं मी म्हटलं आणि आक्कांनी वही मिटली. “टीबी लिवनार न्हाई.”

कारणं त्यांनी एकेक करून सांगितली. वही घरात कपाटावर असते, थोरली सून वाचते. नातीला स्थळं बघायला लागलेत. पहिल्या वेळचं तर सासरी कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा ‘दमा’ म्हणून सांगितलं होतं. आणि ज्यांच्या घरी त्या पोळ्या करतात त्यांच्या कानावर गेलं तर कामं जातील. पंधरा वर्षांपूर्वी पूर्ण उपचार घेऊन बरी झालेली बाई आज कुणाला लागण देत नाही, हे सिस्टरांनी समजावलं. आक्कांना ते पटलंही. पण लोकांना ते पटेल याची खात्री कोण देणार? त्यांची भीती अडाणीपणाची नव्हती. वस्तीत काय होतं हे त्या आमच्यापेक्षा चांगलं ओळखतात.

इथे वर्गात मतं फुटली. आमच्याबरोबर येणाऱ्या एका कॉलेजच्या मुलाचं म्हणणं, आजार लपवला तर सगळ्या लेखनाचा उपयोग काय? त्याने असंही सुचवलं की आक्कांनी बोलावं, तो फोनवर टाइप करून छापून आणेल. पाच मिनिटांचं काम. मला ते मान्य नव्हतं. आक्कांच्या घरात लिहिता येणारी चार माणसं आहेत. त्यांचा नातू हे कधीच लिहून देऊ शकला असता. पण ज्याच्याकडून लिहून घ्यायचं, त्याच्याचपासून काही गोष्टी राखायच्या असतात. म्हणून तर इतक्या वर्षांत कुठल्याच केसपेपरवर टीबी आला नव्हता. दवाखान्यात लेक बरोबर असायचा, बोलायचाही तोच. लेकाला जेवढं माहीत तेवढंच डॉक्टरांना कळायचं. आपल्या हाताने लिहिता आलं की कुणाला काय वाचायला द्यायचं हे बाई स्वतः ठरवू शकते. प्रौढांच्या वर्गात हा विषय घ्यायचा तो यासाठी.

तोडगा आक्कांनीच काढला. वहीत त्यांनी ‘मोठा खोकला, दोन वेळा’ असं लिहिलं. डॉक्टरांसाठी वेगळा कागद केला, त्यावर ‘टीबी’ स्पष्ट. तो कागद वहीत ठेवायचा नाही, पैशांच्या बटव्यात ठेवायचा. बटव्याला घरात कुणी हात लावत नाही. त्यानंतर आम्ही वर्गात पानं मोठ्याने वाचून दाखवणं बंद केलं. ज्यांना वाचायचं आहे त्यांनी डावं पान वाचावं. उजवं पान सिस्टरांनी पाहायचं, तेही बाईने स्वतः पुढे केलं तर.

डॉक्टरांचा कागद लिहिणं ही वेगळीच शिकवणी होती. वहीत गोष्ट पहिल्यापासून येते, डॉक्टरांना आजचं आधी हवं असतं. आज कशाला आले, किती दिवसांपासून, सध्या काय घेते, आणि मग मागचं. हा उलटा क्रम बायकांना सुरुवातीला उद्धट वाटला. “एकदम दुखण्यावर कसं यायचं?” असं एकीने विचारलं. शेवटी दोघी-दोघींनी डॉक्टर आणि रुग्ण होऊन कागद एकमेकींना द्यायचा, आणि पहिल्या तीन ओळींत समोरचीला काय कळलं ते सांगायचं, असं केलं. त्याने क्रम चटकन बसला.

‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यातला फरक शिकवायला मात्र वेळ लागला. बायकांना ‘माहीत नाही’ लिहायची लाज वाटते, परीक्षेत कोरी जागा सोडल्यासारखं. पण एका बाईंची गर्भपिशवी काढलेली, अंडाशय ठेवलं की तेही काढलं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तिथे ‘माहीत नाही, कागद गावाकडे’ हेच खरं आणि उपयोगाचं उत्तर. अ‍ॅलर्जीचंही तसंच. त्या चौकटीत ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहिण्यापेक्षा काय झालं ते लिहायचं. गोळीने मळमळलं, की अंगावर गांधी उठल्या, की ओठ सुजून श्वास कोंडला? या तीन गोष्टींचा डॉक्टर वेगवेगळा अर्थ लावतात.

औषधांची नावं पाकिटावरून उतरवायची. इंग्रजी वाचता येत नसलं तरी अक्षरं बघून काढता येतात, आणि आक्कांनी ती रांगोळीसारखी ठिपका न चुकवता काढली. अडचण वेगळीच होती. दुकानदार पाकीट कापून चार गोळ्या देतो, त्यात नावाचा भाग त्याच्याकडेच राहतो. आता बायका दुकानात सांगतात, “नाव असलेल्या बाजूनं कापा.”

आक्कांचा शेवटचा कागद असा झाला:

वय ५७. पोळ्यांची कामं करते.
आज: उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा आहे. सहा महिने धूसर दिसतं.
चालू गोळी: शुगरची, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर. (पुढे पाकिटावरून उतरवलेलं नाव आणि ५००.)
टीबी दोनदा. २००० साली गोळ्या दोन महिने घेऊन सोडल्या. २००९-१० सरकारी दवाखाना, निळा डबा, आठ महिने पूर्ण, सुया २४.
सुयांनंतर कानात आवाज. अजून आहे. अंधारात तोल जातो.
औषधाने गांधी, सूज, श्वास कोंडणं: कधी नाही.
ऑपरेशन: मुलं बंद करायचं, १९९५, गणपती दूध प्यायला त्या वर्षी.
आईला शुगर होती. वडिलांचं माहीत नाही.

छापील कार्डावर ‘ऑपरेशन: नाही’ लिहिणाऱ्या याच आक्का. गणपती दूध प्यायला ती तारीख २१ सप्टेंबर १९९५, तेव्हा त्या टाक्यांसाठी दवाखान्यात होत्या आणि नवरा दूध घेऊन देवळाच्या रांगेत. ते ऑपरेशन त्यांनी कधी ऑपरेशनात धरलंच नव्हतं.

या कागदाला पर्यायही नव्हता. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांप्रमाणे दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रं डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायची असतात, आणि रुग्णाने मागितली तर ७२ तासांत द्यायची असतात. हा हक्क आम्ही वर्गात सगळ्यांना लिहून दिला आहे. पण १९९५चं, २०००चं, २०१०चं आता कुठल्या कपाटात मिळणार? आक्कांना आठवलं तेवढंच शिल्लक, आणि त्यांनी लिहिलं तेवढंच पुढे जाणार.

मोतीबिंदूच्या आधीच्या तपासणीला आक्का एकट्या गेल्या. लेकाला कामावर पाठवून दिलं. डॉक्टरांनी कागद वाचला, ‘निळा डबा’पाशी थांबून विचारलं की हे काय, आणि आक्कांनी त्यांना समजावून सांगितलं. शुगर आणि जुना टीबी दोन्ही असल्यामुळे छातीचा एक्स-रे काढला. त्यात जुना डाग दिसला, नवं काही नाही. मधुमेहात टीबीचा धोका दुप्पट-तिप्पट होतो, म्हणून पुन्हा खोकला लांबला तर थेट यायचं असं बजावलं. कानाच्या विभागात ऐकण्याची तपासणी झाली. दोन्ही कानांनी बारीक आवाज कमी ऐकू येतात, बहुधा त्या सुयांचा परिणाम, गेलेलं परत येणार नाही. पण त्या जातीची सुई पुन्हा शक्यतो टाळायची, असं केसपेपरवर ठळक लिहून दिलं. आक्कांनी त्या जातीतली दोन नावं डॉक्टरांकडून मराठीत लिहून घेतली आणि घरी येऊन आपल्या कागदाच्या अगदी वर उतरवली: ‘स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन – विचारल्याशिवाय नको.’ क्रम बदलायला कुणी सांगितलं नव्हतं. कागद वाचणाऱ्याने आधी काय बघावं, हे आता त्या स्वतःच ठरवू लागल्या आहेत. घरात जिन्याशी आणि मोरीत रात्रीचा बारीक दिवाही लावून घेतलाय.

सगळं सुटलं असं नाही. वर्गातल्या काही जणींचं डावं पानच अजून अर्धं आहे. काहींना त्यातल्या आठवणी नको वाटतात, आणि त्यांना ढकलायचं नाही असं ठरलंय. आता नवा प्रश्न आलाय तो आभा क्रमांकाचा, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्याच्या क्रमांकाचा. चौदा आकडी क्रमांक काढला की तपासण्या, चिठ्ठ्या मोबाइलवर जोडता येतात आणि आपली संमती असेल तरच दुसऱ्या दवाखान्याला दिसतात. सोय चांगली आहे, कागद भिजण्या-हरवण्याची भीती नाही. पण संमतीचा ओटीपी मोबाइलवर येतो, आणि वर्गातल्या निम्म्याहून अधिक बायकांचा नंबर लेकाच्या किंवा नवऱ्याच्या फोनचा आहे. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी आपल्या नावाचं सिमकार्ड घेणार, मग क्रमांक काढणार असं सांगितलं. त्यासाठीचा अर्ज त्या सध्या वर्गात लिहून बघताहेत.